गोणी उलटी करून बघा

तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू होतो. वडील टांगा हाकायचे, मी वराती करतो. पुण्याजवळ मांजरी गावात पत्र्याच्या पागेत दोन घोड्या आहेत. घोड्याच्या पोटातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो समज 33,000 रुपयांना पडला.

थोरलीचं दुखणं जुनंच. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली की डीजेसमोर उसळते, कमी केली की बरगड्या दिसतात. नवरदेव पाठीवर असताना पुढचे पाय उचलणारी घोडी कोण बोलावणार? डॉक्टर म्हणाले, मका-बार्लीचा भरडा कमी कर. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, 10-12 लिटरचं. एका वेळी जास्त दाणा गेला तर लहान आतड्यात सगळा स्टार्च पचत नाही, उरलेला मोठ्या आतड्यात जाऊन झपाट्याने आंबतो. मग पोटशूळ, नाहीतर खुराच्या आतली सूज. गवताचं तसं नाही. त्याचा चोथा मोठ्या आतड्यातले जंतू सावकाश आंबवतात आणि ताकद दिवसभर थोडीथोडी मिळत राहते. त्यावर हळूहळू वाढवत नेलेलं तेल. सल्ला खरा होता, म्हणून तेच बोलणारा विक्रेताही मला खरा वाटला.

घोडेवाल्यांच्या ग्रुपवर त्याने 'बिनदाण्याचा खुराक' म्हणून जाहिरात टाकली होती. लसूणघास, बीटचा चोथा आणि तेल, एवढंच. 5 किलो नमुना फुकट दिला. हिरवट कांड्या, हातावर चुरल्या तर लसूणघासाचा वास. कोमट पाण्यात टाकल्या तर तासाभरात फुगून नुसतं गवत झालं. मी खूश. 25 किलोच्या 20 गोण्या, गोणीला 1,650, सगळे पैसे आगाऊ. आगाऊ का दिलेस म्हणून बायको अजून विचारते.

माल रात्री साडेदहाला टेम्पोने आला. कांड्या तपकिरी होत्या. "नवी बॅच आहे, मळी थोडी जास्त घातलीय, खाते बघा कशी," असं फोनवर सांगितलं. खरंच, थोरली तोबऱ्यात तोंड घालून अशी खायची की मी तिचा व्हिडिओ काढून त्यालाच पाठवला. तो त्याने लगेच स्टेटसला ठेवला.

नवव्या दिवशी लीद पातळ झाली, आंबूस वास येऊ लागला. अकराव्या दिवशी पुढचे पाय जपून टाकायला लागली. खुराला हात लावला तर गरम, आणि घोट्यामागची नाडी बोटाला ठणठण लागत होती. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "खायला नवीन काय घातलंस?"

मग मी नमुन्याला केलं तेच या मालाला केलं, जे पहिल्याच रात्री करायला हवं होतं. कांड्या बादलीत भिजवल्या. फुगल्या नाहीत, विरघळल्या. वर काळपट गोड पाणी, तळाला पांढरा साका, आणि साक्यात मक्याची पिवळी कणी, बोटाने दाबली तरी न फुटणारी. खरारा-औषधांच्या पेटीत टिंक्चर आयोडीन असतंच. साक्यावर दोन थेंब टाकले तर जांभळा-काळा. (भाताच्या कोंड्यातही थोडा स्टार्च असतो, त्यामुळे नुसता रंग बदलला म्हणून कोणाला चोर ठरवू नका. कणी मात्र खोटं बोलत नाही.)

खरी भीती त्याच्या पुढची. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने रिकामी गोणी झटकताना सहज उलटी केली. आत गाईचं चित्र. दुभत्या जनावरांच्या पशुखाद्याची जुनी गोणी उलटी करून शिवली होती. आतला माल कुठे, कशावर दळला असेल? गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गाय ते पचवते, घोड्याच्या हृदयाला मात्र थोडंसंही जीवघेणं ठरू शकतं. आमच्या मालात ते होतं की नाही, कोण सांगणार? गोणीवर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना तारीख, ना बॅच.

वाळूवर उभी करून, बर्फ लावून, तीन आठवडे घोडी बांधून ठेवली. वरातीच्या तीन सुपाऱ्या गेल्या. विक्रेत्याने पहिल्यांदा "तुमच्या घोडीला सवय नाही" म्हटलं, मग फोन उचलणं सोडलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पण बिल नाही, हातात फक्त यूपीआयची नोंद.

आता थोरली 380 किलोची आहे. दिवसाला 7 किलो वाळलं गवत, त्यात भिजवलेली दीड किलो लसूणघास, मीठ. तेल 50 मिलीपासून सुरू करून तीन आठवड्यांत 200 वर नेलं. घोड्याला पित्ताशय नसतं, पित्त सारखं झिरपत असतं, म्हणून एकदम न ओतता दोन वेळा वाटून देतो. लसूणघास मी स्वतः उभा राहून कापून आणतो.

परवा फुरसुंगीहून एकाचा फोन आला. "स्टेटसवर डाव्या कानाला चीर असलेली पांढरी घोडी दिसते, ती तुमचीच ना? खुराक चांगला मानवलेला दिसतोय. मी चाळीस गोण्या सांगतोय." मी म्हटलं, पैसे पाठवलेत का? म्हणाला, संध्याकाळी पाठवतोय.