हाताने फिरवायचा मसाला ग्राइंडर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अर्धा चमचा जिरं मिक्सरमध्ये धड दळलं जात नाही. चटणीचं सगळ्यात लहान भांडं घेतलं तरी दाणे पात्यावरून उडून कडेला चिकटतात आणि दोनदा झाकण काढून चमच्याने खाली ढकलावे लागतात. मग भांडं काढलंच आहे तर म्हणून आपण पाव वाटी जिरं दळून ठेवतो आणि ती पूड महिनाभर डबीत राहते. ताकात घालताना तिला रंग असतो, वास नसतो. मसाल्याचा वास ज्या तेलांत असतो ती हवेला लागली की उडून जातात. अख्ख्या दाण्यात ती आत बंद असतात, दळल्यावर उघडी पडतात. म्हणून मला रोज लागेल तेवढंच, चमचाभर, ताजं दळायचं होतं. त्यात घरात तान्हं बाळ. सकाळी सहाला मिक्सर लावला की ते दचकून उठायचं, आणि खलबत्त्याचा आवाज तर भिंतीतून शेजारी जातो.

आत्ता वापरते तो माझा दुसरा ग्राइंडर. पहिल्याबद्दल आधी सांगते, कारण निवड करायला मी त्याच्यामुळेच शिकले. दोन वर्षांपूर्वी घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात स्टेनलेस स्टील असं होतं, पण ते बाहेरच्या नळीपुरतं. आतले दाते साध्या पोलादाचे होते. जुलै महिन्यात धुतला, पुसला, ओट्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी मिरीपुडीत तांबूस कण दिसले. कंपनीला फोटो पाठवले, तर गंज वॉरंटीत बसत नाही असं उत्तर आलं. दाते धुवू नयेत असं खोक्यावर किंवा आतल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. धुऊ नये अशी वस्तू असेल तर ते पहिल्या ओळीत छापायला हवं.

याचा अर्थ पोलादी दाते वाईट असा नाही. आज मोटारींमुळे ओळखल्या जाणाऱ्या प्यूजोने १८७४ साली मिरीसाठी हातगिरणी काढली, तिचे दाते पोलादाचेच होते. चांगलं पोलाद मिरी कापतं, चिरडत नाही, त्यामुळे पूड मोकळी पडते. पण त्याला पाणी आणि मीठ दोन्ही चालत नाही, आणि आमच्यासारख्या कोकणपट्टीतल्या घरात चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. म्हणून दुसऱ्या वेळी मी सिरॅमिकचे दाते घेतले. सिरॅमिक गंजत नाही आणि वास धरत नाही. त्याचा दोष एकच, ते ठिसूळ असतं.

आतली रचना जात्यासारखीच. बाहेर एक स्थिर कडं, त्याच्या आत फिरणारा शंकू, दोघांवर खाचा. खाचा वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे दाणा वर फुटतो आणि खाली बारीक होतो. दोघांमधलं अंतर खालच्या चाकीने कमी-जास्त करायचं. फरक एवढाच की जातं बोथट झालं तर टाकी लावून घेता येते, इथे कडा उडाली की दाते बदलावेच लागतात. म्हणून सुटे दाते मिळतात का, हे दुकानातच विचारा. मी विचारलं होतं, आणि नाही म्हणणारे दोन ग्राइंडर तिथेच परत ठेवले.

दुकानात अजून काय बघितलं ते सांगते. खालची बरणी काढून शंकू बोटाने हलवला. आसाला वर आणि खाली असा दोन्हीकडे आधार असेल तर तो डुलत नाही. डुलत असेल तर चाकी कितीही आवळा, एका बाजूला पीठ आणि दुसऱ्या बाजूला भरड असंच पडणार. मग तो पेचकसाशिवाय सुटा होतो का ते पाहिलं. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते, कारण जे सुटं करायला कटकटीचं असतं ते साफ होत नाही. नळी मुठीत बसते का, हेही हातात धरूनच कळतं. जाड नळी एका हाताने घट्ट धरता येत नाही आणि मग दांड्याबरोबर सगळा ग्राइंडर फिरतो. दांडा लांब असलेला बरा, जोर कमी लागतो. आणि खालची बरणी काचेची हवी. पहिल्या ग्राइंडरला पारदर्शक प्लास्टिकची होती. त्यात लवंगेची पूड दोन दिवस राहिली आणि बरणी आतून कायमची धुरकट झाली. लवंगेचं तेल अशा प्लास्टिकला खातं.

माझा साडेनऊशे रुपयांना पडला. चमचाभर मिरी बारीक दळायला दीड मिनिट लागतं, जाडसर हवी असेल तर निम्म्याहून कमी.

कशासाठी वापरायचा, हा प्रश्न विकत घेण्याआधीच सोडवायला हवा. मिरी, भाजलेलं जिरं, धने, बडीशेप, ओवा, मोहरी, मेथी यांसाठी तो उत्तम आहे. जिरं आणि धने कोरडे भाजून पूर्ण गार करून घालायचे. भाजल्याने दाणा कडक होऊन तडकतो, कच्चा धना मात्र चिवट राहतो आणि त्याची टरफलं खाचांत अडकून बसतात. गरम दाणे घातले तर त्यांची वाफ आत धरते. दालचिनी आणि सुंठ आधी खलबत्त्यात फोडून मिरीएवढे तुकडे करून घ्या. अख्खी सुंठ कोणत्याही हातग्राइंडरला जाणार नाही, तिचे धागे शंकूला गुंडाळतात. जायफळ किसणीवरच. सुकी मिरची नाही, ती आत वाकते आणि तुटत नाही. तीळ, खसखस, सुकं खोबरं यांचं तर नावच घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. म्हणजे गोडा मसाला यात होणार नाही. तो वर्षाचा मसाला कांडपावरच जाईल, आणि जावाही.

वेलचीचं वेगळं आहे. मिक्सरमध्ये किंवा खलात आपण वेलचीबरोबर थोडी साखर घालतो, म्हणजे ती छान बारीक होते. त्याच सवयीने मी दिवाळीत करंजीच्या सारणासाठी वेलची आणि साखर ग्राइंडरमध्ये एकत्र घातली. संध्याकाळपर्यंत साखरेने ओल ओढली आणि दुसऱ्या दिवशी दांडा हलेना. साखर यात कधीही नको. वेलचीचे नुसते दाणे, साल काढून, थोडे थोडे घालायचे. तरी ते तेलकटच असतात, म्हणून वेलचीनंतर सफाई त्याच दिवशी. एप्रिल-मे महिन्यात आमरस आणि पन्ह्यासाठी मी जवळजवळ रोज वेलची दळली आणि रोज ब्रश फिरवला. तेव्हा काही अडलं नाही.

आता सफाई. नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त मी हेच शिकले.

रोजची सफाई कोरडी. काम झालं की चाकी सैल करायची, ग्राइंडर उलटा करून तळहातावर दोन-तीनदा ठोकायचा आणि रंगकामाच्या मऊ, अर्धा इंच रुंद ब्रशने खाचा झाडायच्या. अर्धं मिनिट पुरतं. हा ब्रश फक्त याच कामाला ठेवा.

आठवड्यातून एकदा वास काढायचा. आधी मी चमचाभर कच्चे तांदूळ दळत असे. त्याने साफ होतं, पण तांदूळ कडक असल्याने मनगट भरून येतं. आता पातळ पोहे कढईत कुरकुरीत भाजते, गार झाले की चुरून दोन चमचे दळते. पोहे तेल शोषून घेतात आणि खाचांत बसलेली पूड बाहेर ओढून आणतात. पहिला चमचा पिवळसर पडतो, दुसरा पांढरा पडला की झालं. पहिला टाकून देते, दुसरा कणकेत.

पाण्याने धुणं दोन महिन्यांतून एकदाच, आणि तेही कडक ऊन असेल त्याच दिवशी. सुटे करताना भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ताटात डावीकडून मांडायचे आणि मोबाईलवर फोटो काढायचा. स्प्रिंग आणि तिच्यावरची छोटी चकती यांची जागा बदलली तर शंकू वर चढतो आणि काहीच दळलं जात नाही. स्प्रिंग आणि दांड्याचा आस लोखंडाचा असतो, त्यामुळे ते फक्त कोरड्या कापडाने पुसायचे. पाण्यात जाणार ते सिरॅमिकचे दोन तुकडे आणि काचेची बरणी. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ब्रश. भिजत ठेवायचं नाही. खाचेत कडक झालेली पूड असेल तर झाडूची नवी, धुतलेली हीराची काडी वापरा, सुई किंवा टाचणी नको, सिरॅमिकची कडा उडते. मग सुती कापडावर पसरून दिवसभर ऊन आणि रात्रभर पंख्याखाली. जोडायचं दुसऱ्या दिवशी सकाळीच. बाहेरून सुकल्यासारखा दिसला तरी दात्याच्या भोकात ओल राहते आणि त्यावर धन्याची पूड पडली की ती सिमेंटसारखी धरते. मला ती काढायला एकदा तासभर लागला होता.

आणि ही एक गोष्ट फार जण करतात: उकळत्या साराच्या किंवा आमटीच्या पातेल्यावर धरून मिरी दळणं. वाफ थेट दात्यांत जाते. बशीत दळा आणि मग वरून घाला.

मार्चमध्ये तो ओट्यावरून फरशीवर पडला. तसाच उचलून वापरू नका. मी लगेच सुटा केला आणि शंकूच्या खालच्या कडेवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं असतं तर दाते बदलले असते, कारण सिरॅमिकचा कण पोटात जाणं परवडणारं नाही. सुदैवाने कडा शाबूत होती. अगदी बारीक पुडीसाठी चाकी पूर्ण आवळून, आत दाणे नसताना फिरवणंही टाळा. दात्याला दाता घासतो आणि पांढरी भुकटी पडते. मी चाकी पूर्ण बंद करून तिथून खटके मोजते. जिऱ्याला पाच, ताकातल्या भरड जिऱ्याला आठ, मिरीला सहा.

तक्रारी आहेत. वरचं झाकण सैल आहे, जोरात फिरवताना उघडतं. एका वेळी दोन चमच्यांपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून घरात दहा माणसं जेवायला असली की मी मुकाट्याने मिक्सर काढते. आणि ज्यांची बोटं किंवा मनगट दुखतं त्यांनी घेऊ नये. सासूबाईंनी आठवडाभर मनापासून वापरून पाहिला, मग त्यांच्या अंगठ्याचं दुखणं वाढलं. त्यांच्यासाठी खलबत्ताच सोयीचा आहे, कारण बत्त्याचं वजन कुटायचं अर्धं काम स्वतःच करतं. आता सुंठ आणि दालचिनी त्या फोडून देतात, पुढचं मी दळते, आणि चहाच्या मसाल्याची डबी कधी आठवड्यापेक्षा जुनी होत नाही.

चहाचा आणि स्वयंपाकाचा एकच ग्राइंडर असेल तर मधे पोहे दळल्याशिवाय पुढे जाऊ नका, जिऱ्याच्या वासाचा चहा कोणाला आवडत नाही. मी पुढच्या महिन्यात चहासाठी दुसरा घेणार आहे, याच प्रकारचा.

पाऊस सुरू झाल्यापासून मी धुणं पूर्ण बंद केलंय. फक्त ब्रश आणि पोहे. वापर झाला की तो रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत जातो, बरोबर फडक्यात बांधलेली कोऱ्या तांदळाची पुरचुंडी. दर रविवारी ती पुरचुंडी तव्यावर गरम करते आणि गार झाली की परत बरणीत टाकते.