एसी चालतोय, पण खोली गार होत नाही: धुवायचा, गॅस भरायचा की बदलायचा?

एसी तासन्तास चालतो आणि खोली गार होत नाही, तेव्हा पहिला अंदाज बांधला जातो तो ‘गॅस संपला असेल’ असा. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो. कमी झालाच असेल, तर कुठून तरी गळतोय. म्हणून निर्णयाआधी एक मोजमाप कराच.

एसी 18 अंशांवर ठेवा, पंखा पूर्ण वेगात, दारं-खिडक्या बंद. वीसेक मिनिटांनी खोलीचं तापमान मोजणाऱ्या साध्या थर्मामीटरने दोन ठिकाणचं तापमान बघा: इनडोअर युनिट हवा आत ओढतं तिथलं आणि गार हवा बाहेर सोडतं तिथलं. फरक साधारण 8 ते 12 अंश असेल, तर मशीन आपलं काम करतंय. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

फरक चांगला आणि झोतही जोरात असूनही उकडत असेल, तर ना धुण्याचा उपयोग, ना गॅसचा. तापलेलं छत, पडदे नसलेल्या खिडक्या, दाराखालची फट किंवा खोलीच्या मानाने कमी टनाचा एसी, यांपैकी काहीतरी कारण असतं. एक टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. त्याहून जास्त उष्णता आत येत असेल तर मशीन थांबणारच नाही. आणि इन्व्हर्टर एसी कमी वेगात सतत चालतो, ती त्याची रीतच आहे. खोली गार असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

फरक कमी आला किंवा झोत मंद असला, तर खरा प्रश्न धुणं की गॅस, हा. मळलेल्या एसीत हवेचा झोतच मंद असतो आणि फिल्टर किंवा आतला ब्लोअर धुळीने माखलेला दिसतो. गॅस कमी असेल तर झोत जोरात येतो, पण थंडावा नसतो. बऱ्याचदा आउटडोअरजवळच्या बारीक नळीवर बर्फ धरतो. कॉइलवरचा (गॅस फिरणाऱ्या आतल्या नळ्यांच्या जाळीवरचा) बर्फ मात्र दोन्ही कारणांनी येतो, त्यावरून काही ठरवू नका. म्हणून आधी धुणंच बरं. वीजपुरवठा बंद करून फिल्टर घरी धुता येतो. कॉइल, ब्लोअर आणि आउटडोअरची जाळी माणूस बोलावून धुवून घ्या. आउटडोअरला चिकटून सामान ठेवलेलं असेल तर तेही हलवा, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. बाहेरचा पंखा फिरतोय आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) नुसता घुमतोय, असं असेल तर इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीत संशय कॅपॅसिटरवर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागावर घ्या. तो बदलणं छोटं काम आहे.

धुवूनही फरक कमीच राहिला, तर गळतीचा विचार. इथे दोन मार्ग समोर येतात. टॉप-अप, म्हणजे गळती न शोधता वरून गॅस भरणं, पटकन होतो, त्या दिवशी गारवाही येतो. पण भोक तसंच राहतं आणि तोच खर्च पुन्हा दारात येतो. दुसऱ्या मार्गात नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतात, जोड दुरुस्त करतात, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढतात आणि मशीनच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरतात. वेळ लागतो, पैसेही जास्त जातात. तरी मी हाच निवडेन. गॅस कमी असताना कॉम्प्रेसरला पुरेसा गारवा मिळत नाही, तो तापतो आणि शेवटी सगळ्यात महागडा भागच जातो. आर-32 किंवा आर-290 या प्रकारचा गॅस असलेल्या मशीनवर घरगुती प्रयोग अजिबात करू नका. दोन्ही पेट घेऊ शकतात, आर-290 तर प्रोपेनच आहे.

नवा एसी कधी? गळती नळीच्या जोडात असेल तर दुरुस्ती. कॉइल जागोजागी गंजून गळत असेल किंवा वॉरंटी संपल्यावर कॉम्प्रेसर गेला असेल, तर बदलणं शहाणपणाचं. मशीन आर-22 या जुन्या गॅसवर चालणारं असेल तर आणखीच. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद केला जातोय आणि त्याच्या जागी आर-32 भरता येत नाही, कारण आर-32 चा दाब बराच जास्त असतो. जुनीच तांब्याची नळी नव्या मशीनला जोडायचा विचार असेल, तर तिची जाडी, आकार आणि आतली स्वच्छता तपासून घ्या. कारण जुन्या नळीत राहिलेलं आर-22 च्या मशीनमधलं तेल आणि आर-32 च्या मशीनमधलं तेल वेगळं असतं.