पडद्याच्या पाइपात ३,९०० रुपयांना गंडलो

शाळेत गणित शिकवतो मी. तरी ९ फुटांच्या खिडकीला ११ फुटांचे पैसे मोजून बसलो. हसायचं तर हसा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार, जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि आमची हॉलची खिडकी पश्चिमेची. त्या घाईत दारावर आलेल्या फिटिंगवाल्याला होकार दिला. ११ फूट पाइप, २६० रुपये फुटाने २,८६०. तीन ब्रॅकेट ४५०, नॉब २४०, फिटिंग ३५०. सगळे आधीच घेतले. बिल? चिठ्ठीवर.

खिडकी ९ची, मग ११ कसे, हे मी विचारलं होतं बरं का! "दोन्ही बाजूंनी फूट-फूट बाहेर जातो ना सर, नाहीतर कडेने ऊन येतं." बोलला ते खरंच आहे. सहा-आठ इंच तरी पाइप बाहेर हवाच. म्हणून तर मी गप्प बसलो.

पाइप मात्र दोन तुकड्यांत आला. "लांब पाइप जिन्यात वळत नाही, वर जोडतो." माझ्यासमोर एक तुकडा दुसऱ्यात सर्रकन सरकवला आणि जोडावर पडद्याची कडी ओढली. एकात एक जाणारा पाइप म्हणजे आतला बारीकच, सहावीतलं पोरगं सांगेल! मी हातात त्याच्यासाठी सरबताचा पेला घेऊन उभा.

आठ दिवसांत पाइप मधोमध वाकला. आई म्हणाली, "हाई काय पाइप शे का दोरी?" मग पाइपाला टेप लावला : ९ फूट २ इंच. एक इंची सांगितलेला पाइप १९ मिलिमीटरचा, आतला १६चा. '३०४ स्टील' (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) म्हणून दिलेल्या त्या पाइपाला फ्रिजवरचं चुंबक टक्कन चिकटलं. ३०४ला ते सहसा धरत नाही. घेण्याआधी लावून बघा. तिसरा ब्रॅकेट लावलाच नव्हता, "स्क्रू संपले, उद्या येतो." एवढ्या रुंद खिडकीला मधला आधार नसेल तर फिटरला जिन्याखाली उतरूच देऊ नका.

चौकीत गेलो. "सर, पडद्याच्या दांड्यासाठी?" दोघं हसले. म्हणे दिवाणी मामला. एका सरकारी कार्यालयात गेलो, तर साहेब जेवायला. तीन वाजता आले आणि दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्या. शेवटी विचारलं काय, तर पक्कं बिल आहे का! बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? अर्ध्या दिवसाची रजा गेली ती वेगळीच.

पक्कं बिल हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. माप स्वतःच्या टेपने घ्या. पैसे पडदा ओढून बघितल्यावरच द्या.

त्याचा फोन अजून लागतो. काल म्हणाला, "सर, मधल्या ब्रॅकेटचे १५० वेगळे पडतील."