कुंडीतल्या टोमॅटोला नत्र कशातून द्यावं: युरिया, कॅल्शियम नायट्रेट की पेंड?

घोडबंदर रोडवरची नर्सरी असो की नेरूळ-खारघरमधलं दुकान, टोमॅटोच्या रोपांशेजारी खतांच्या पुड्या मांडलेल्या असतातच. नत्र, म्हणजे नायट्रोजन, त्यांतल्या बहुतेकांत असतं, फक्त प्रत्येकातून ते झाडाला वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या रूपात मिळतं. माझं मत आधीच देऊन टाकते. गच्चीवर किंवा बाल्कनीत कुंड्या असतील तर युरिया घेऊ नका. शहापूर-मुरबाडकडे जमिनीत लागवड असेल तर मात्र युरिया नाकारायचं कारण नाही.

आधी गरज किती ते पाहू. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १५० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आपल्याकडे प्रचलित आहे. लागवड ९० बाय ३० सेंटिमीटरवर धरली तर हेक्टरी सुमारे ३७ हजार झाडं बसतात, म्हणजे एका झाडाला अख्ख्या हंगामात जेमतेम ८ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने त्यासाठी १७ ग्रॅम युरिया पुरतो. कॅल्शियम नायट्रेट साधारण ५२ ग्रॅम लागेल. ४ टक्के नत्राची निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा) धरली तर २०० ग्रॅम, आणि दीड टक्क्याचं गांडूळखत अर्ध्या किलोहून थोडं जास्त. गांडूळखतातलं सगळं नत्र एका हंगामात सुटत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ते याहून जास्त घालावं लागतं.

१७ ग्रॅम म्हणजे तीन-चार चमचे, तेही हंगामभरात विभागून. कुंडीत घोटाळा होतो तो इथेच. चमचाभर युरिया एकदम पडला की १५ लिटरच्या कुंडीत मुळांना पळायला जागा नसते आणि पानांच्या कडा करपतात. शिवाय युरिया थेट फारसा उपयोगी पडत नाही. आधी त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. शेतातल्या मातीत हे जिवाणू भरपूर असतात, नव्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) फार कमी. त्यामुळे अमोनियाच्या रूपातलं नत्र मुळांपाशी जास्त काळ राहतं आणि कॅल्शियम शोषण्यात अडथळा आणतं. त्यातच पाणी कधी भरपूर, कधी दोन दिवस नाही, असं झालं की फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा चट्टा पडतो. बाल्कनीतली कितीतरी पहिली फळं अशीच वाया जातात, आणि लोक रोग समजून बुरशीनाशक फवारत बसतात.

म्हणूनच फुलं दिसू लागल्यावर कॅल्शियम नायट्रेट मला सर्वांत भरवशाचं वाटतं. त्यात साडेपंधरा टक्के नत्र असतं, बहुतेक सगळं नायट्रेटच्या रूपात, आणि सोबत कॅल्शियमही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओलसर मातीतच. एक पथ्य मात्र पाळा: एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) किंवा स्फुरदयुक्त विद्राव्य खतं त्याच पाण्यात घालू नका, साका तळाला बसतो. महाग आहे, पण चार कुंड्यांच्या हिशोबात तो खर्च जाणवत नाही.

१९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत चालेल. फळं धरल्यावर झाडाला पालाश जास्त लागतं, तेव्हा १३:०:४५ बरं. अमोनियम सल्फेट कुंडीसाठी सोडूनच द्या. ते माती आम्ल करतं, आणि कोकणातली लाल माती आधीच आम्ल आहे.

पेंड आणि गांडूळखत यांना मी पाया म्हणून धरते. दोन्हींतलं नत्र हळू सुटतं, त्यामुळे चूक झाली तरी झाड जळत नाही. पण ऐन बहरात झाड पिवळं पडलं तर यांच्याने तातडीचं काम होत नाही. पेंड लागवडीआधी पंधरा दिवस मातीत मिसळा.

नत्र जास्त झालं की झाड फसवतं. पानं गर्द हिरवी, खोड जाड, शेजारी कौतुक करतात, आणि फुलं एक तर उशिरा येतात किंवा गळतात. लुसलुशीत पालवीवर मावा आणि पांढरी माशी लवकर बसते, आणि पांढऱ्या माशीबरोबर पानं चुरडणारा विषाणू येतो. कमी पडलं तर उलट: खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला देतं. शेंडाच पिवळा आणि खालची पानं हिरवी असतील तर दोष नत्राचा नाही, युरिया ओतून काही होणार नाही.

ठाण्याच्या पावसात उघड्या गच्चीवर दिलेलं नायट्रेट कुंडीच्या भोकातून सरळ वाहून जातं. रोपं ऑक्टोबरमध्ये लावा.

मुरबाडला वावर असेल तर हिशोब बदलतो. तिथे नीमलेपित युरिया हाच परवडणारा पर्याय आहे, त्याच्यावर सरकारचं मोठं अनुदान असतं. अर्धं नत्र लागवडीला, उरलेलं हप्त्यांनी, मातीआड करून आणि लगेच पाणी देऊन. उघड्यावर टाकला तर अमोनिया हवेत उडतो.

चार कुंड्यांसाठी दोन किलो गांडूळखत, चारशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट एवढंच घ्या. नायट्रेट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आपल्या दमट हवेत उघड्या पुडीत त्याचं पाणी होतं.