कॉलेज रोडची ‘फुकट’ कन्सल्टन्सी: जर्मनीला जाणाऱ्यांनी काय तपासावं

नाशिकमध्ये कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात परदेशी शिक्षणाच्या पाट्या भरपूर. सेवा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली: पहिली भेट फुकट, चकचकीत ब्रोशर आणि मार्कशीटवर नजर टाकून दहा मिनिटांत हातात पडणारी पाच-सहा कॉलेजांची यादी. खरी मेख त्या यादीतच असते.

जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटला सहसा कमिशन देत नाहीत, खासगी देतात. त्यामुळे ‘कमी खर्चात जर्मनी’ म्हटलं की पुढे सरकवलं जातं ते वर्षाला दहा हजार युरोच्या वर फी घेणारं खासगी कॉलेज. सरकारीत मात्र बहुतेक ठिकाणी ट्यूशन फीच नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची. ठळक अपवाद दोन. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे बहुधा ४००० ते ६०००. समुपदेशकाने हे न विचारता सांगितलं तर माणूस जाणकार समजावा.

पुढची कसोटी गुणांची. ८.२ सीजीपीएचा जर्मन ग्रेड किती, हे समोर बसून काढून मागा (तिथे १ सर्वोत्तम, आकडा वाढेल तसा ग्रेड खालावतो). दहातून ८.२ वजा केले की १.८, दहातून पासिंगचे ४ वजा केले की ६. १.८ ला ६ ने भागून तिनाने गुणायचं आणि १ मिळवायचा: १.९. सीजीपीए ७ असेल तर २.५, आणि बऱ्याच कोर्सेसची रेषा तिथेच असते. हे गणित न मांडता ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडे ॲडव्हान्स देऊ नये.

पॅकेजमधली बरीचशी कामं घरी बसून होतात. एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) १८,००० रुपये, युनि-असिस्टचे (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. हे सगळं थेट भरता येतं. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधी भरून ठेवायच्या राहण्याच्या खर्चाचे, ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, ही फी नव्हे. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे तुमचेच तुम्हाला मिळतात. कोटेशनमध्ये ही रक्कम ‘खर्चा’त धरून खासगी कॉलेज तेवढ्यातच बसतं असं दाखवलं, तर सरळ उठावं.

घोळ होतो तो तारखांचा. हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै, पण कित्येक विभागांचे अर्ज त्याआधीच बंद होतात आणि युनि-असिस्टला कागद तपासायला चार ते सहा आठवडे लागतात. पुणे विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट आणि एपीएस आधीच्या डिसेंबरपर्यंत मार्गी लागलेलं बरं.

पैसे मोजावेत ते एसओपी (प्रवेशासाठी लिहायचं उद्देशपत्र) वाचून लाल शाईने खुणा करणाऱ्याला, आयता लिहून देणाऱ्याला नाही. आणि युनि-असिस्टचं लॉगिन विद्यार्थ्याच्याच ईमेलवर हवं. एजंटच्या ईमेलवर असलं, तर ‘एक कागद कमी आहे’ ही सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि मुदत टळून जाते.