रेशनचं धान्य की खात्यात पैसे?

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2015 पासून दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, माणशी 5 किलो. 2023 मध्ये राज्य सरकारने त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये खात्यात द्यायचं ठरवलं.

हिशोब सोपा आहे. दीडशे भागिले पाच, म्हणजे किलोला तीस रुपये. तेवढ्यात किराणा दुकानात बरा गहू मिळतो का, हे कुठल्याही गृहिणीला विचारा! 2024 मध्ये रक्कम 170 झाली खरी, पण भाव काही शासन निर्णयाची वाट बघत थांबत नाहीत. धान्याचं तसं नाही. महागाई कितीही वाढो, पाच किलो ते पाच किलोच.

रोखीची बाजूही आहे. ज्वारी खाणाऱ्या घराला तांदूळ गळ्यात मारून घ्यावा लागत नाही, मापात मारलं जात नाही, पॉस मशीनवर घासलेला अंगठा उमटवत बसावं लागत नाही. मात्र आधार जोडणी अडली की बँकेच्या खेपा आल्याच.

बाजाराच्या गावात रोख चालेल. आडगावात, जिथे एकच दुकान आणि तिथेही उधारीची वही, तिथे मी धान्यच मागेन.