ट्रेलरसाठी भूत निवडताना: मुखवट्याचा क्लाऊन, गॅदरिंगमधला जोकर की दारावरची हाक?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी भयपटाचा ट्रेलर करायचं ठरलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली पहिलं नाव येतं क्लाऊनचं. मुखवटा ऑनलाईन मिळतो, लाल फुगा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि बघणाऱ्याला पहिल्याच शॉटमध्ये कळतं की हा भयपट आहे. माझी तक्रार नेमकी या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी मी तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवतोय. माझा कौल आधीच सांगून टाकतो: जोकर ठेवा, पण तो आपल्या शाळेच्या गॅदरिंगमधला असू द्या.

क्लाऊनची भीती आली कुठून, हे तुमच्या फाईलमध्ये यावंच लागेल. लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढराफटक चेहरा आणि गालांवर लाल पट्टे ही रंगभूषा रूढ केली. पॅरिसमध्ये पिएरो, म्हणजे मूकनाट्यातला पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक, रंगवणाऱ्या देब्युरो या नटाने १८३६ मध्ये रस्त्यात चिडवणाऱ्या एका पोराला काठी मारली. पोरगा मेला, देब्युरो खटल्यातून सुटला. १८९२ च्या 'पाल्याच्ची' या ऑपेरात विदूषक भर रंगमंचावर बायकोचा खून करतो. रंगवलेल्या हसण्याखाली कुणी दुसराच माणूस असेल, ही शंका सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत तिला खरा चेहरा मिळाला तो जॉन वेन गेसीमुळे. 'पोगो' नावाचा विदूषक बनून मुलांच्या कार्यक्रमांना जाणारा हा कंत्राटदार १९७८ मध्ये पकडला गेला आणि १९८० मध्ये ३३ खुनांत दोषी ठरला. क्लाऊनच्या रूपात मुलांना गाठणाऱ्या राक्षसाची स्टीफन किंगची 'इट' कादंबरी १९८६ ची, तिच्यावरची टीव्ही मालिका १९९० ची आणि चित्रपट २०१७ चा. मधे २०१६ च्या ऑगस्टमध्ये साऊथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमधून 'जंगलाच्या कडेला क्लाऊन उभे असतात' अशी अफवा उठली आणि काही आठवड्यांत ती अमेरिकाभर पसरली.

हा इतिहास रंजक आहे, पण तुमच्या कामाची खरी गोष्ट एका अभ्यासात सापडते. फ्रँक मॅकअँड्रू आणि सारा कोन्के या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये १,३४१ लोकांना विचारलं की कुठल्या व्यवसायातली माणसं तुम्हाला विचित्र, अंगावर काटा आणणारी वाटतात. पहिला नंबर विदूषकाचा आला. त्यांचं स्पष्टीकरण फार मोलाचं आहे. धोका आहे हे नक्की कळलं तर माणूस पळतो, धोका नाही हे नक्की कळलं तर निवांत बसतो. दोन्हीपैकी काहीच कळेना, तेव्हा अंगावर शहारा येतो. विदूषकाचं हसू रंगवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय हे चेहऱ्यावरून वाचता येत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाने रुग्णालयांच्या सजावटीसाठी ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना विचारलं, तेव्हा भिंतीवर क्लाऊनची चित्रं नकोत असंच उत्तर आलं.

आता हीच कसोटी तिन्ही पर्यायांना लावू: बघणारा किती वेळ संभ्रमात राहतो?

टोकदार दातांचा रबरी मुखवटा इथे लगेच नापास होतो. तो दिसताक्षणी संभ्रम संपतो. हा वाईट आहे, हा मारणार, आणि हा अमुक सिनेमातला आहे, हे सगळं एका सेकंदात कळून जातं. मग उरलेल्या पावणेदोन मिनिटांत तुमच्याकडे फक्त दचकवणं उरतं. दुसरी अडचण आपल्या इथली आहे. अमेरिकन मूल आधी क्लाऊनवर हसलेलं असतं, मग त्याला घाबरतं. आपल्याकडे सर्कस जुनी आहे. जवळच्याच अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. पण १९९८ मध्ये वाघ-सिंहांच्या खेळांवर आणि २०११ मध्ये लहान मुलांच्या कामावर बंदी आली, आणि तंबू विरळ होत गेले. आज अठरा-वीस वर्षांचं जे पोर आहे, त्याने सर्कशीतला विदूषक बहुतेक पडद्यावरच पाहिलेला असतो. तिथे भीतीला आठवणीचा आधारच नाही.

जोकर मात्र आपण सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलाय, तो गॅदरिंगमध्ये. वेशभूषा स्पर्धेत कित्तूर चन्नम्मा असते, टिळक असतात, डोक्याला पटका बांधलेला शेतकरी असतो, आणि एक जोकर असतोच. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला दोन रंगांचा सॅटिनचा झगा, आधीच्या पोराच्या घामाचा वास असलेला. झिरमिळ्यांची टोपी, नाकावर लाल प्लास्टिकचा गोळा, गालांवर आईची लिपस्टिक. त्याच्याबद्दल कुणाच्या मनात वाईट काही नसतं. म्हणूनच तो दोन मिनिटं पुरतो.

एक कल्पना देतो, हवी तर घ्या. माईकवरून बाई एकेक नंबर पुकारतायत. 'नंबर अकरा' पुकारल्यावर जोकर मंचावर येतो, उभा राहतो, वाक्य म्हणत नाही. बाई यादीत बघतात, तर यादी दहावरच संपलेली. पुढे शाळेच्या व्हरांड्यातले जुने ग्रुप फोटो. कृष्णधवल, मग रंगीत, मग मोबाईलवरचा. प्रत्येकात तोच जोकर, त्याच उंचीचा, शेवटच्या रांगेत डावीकडे. या सगळ्यात धारदार शस्त्र नाही, रक्त नाही, आणि खर्च म्हणाल तर झग्याच्या भाड्याइतका.

रंगभूषेबद्दल थोडं सविस्तर. व्यावसायिक विदूषक तोंडाच्या रंगाचे कोपरे गोल ठेवतात. गेसी मात्र ते टोकदार रंगवायचा. तुमच्या जोकरचे कोपरे शेवटच्या शॉटपर्यंत गोलच ठेवा, आणि त्या एका शॉटमध्ये टोकदार करा. बघणाऱ्याला काय बदललं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी बदललंय हे जाणवेल. दुसरं म्हणजे, जुन्या नाटकवाल्यांच्या पेटीतलं मुरदाडशिंग किंवा हिंगूळ कुणी आपुलकीने देऊ केलं तर घेऊ नका. पहिल्यात शिसं असतं, दुसऱ्यात पारा. पाण्याने धुतला जाणारा फेसपेंट वापरा, आणि मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून आदल्या दिवशी बघा.

तिसरा पर्याय हाकेचा. १९९० च्या दशकात बेंगळुरू आणि कर्नाटकातल्या अनेक गावांत लोकांनी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहिलं होतं. रात्री कुणी बाई ओळखीच्या आवाजात दार वाजवते, दार उघडलं की माणूस मरतो, अशी वदंता होती. ती पाटी वाचून ती परत जाते आणि रोज फसते. आपल्या घरांतही आज्या सांगत आल्यात की रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. संभ्रमाच्या कसोटीवर ही कल्पना जोकरच्याही पुढे आहे, कारण आवाज आईचाच आहे आणि आई तर स्वयंपाकघरात उभी आहे. चेहरा नको, रंगभूषा नको, दोन नटांत काम होतं.

मग मी हिला दुसऱ्या नंबरवर का ठेवतो? हा ट्रेलर सगळा आवाजावर उभा राहतो, आणि कॉलेजच्या सेमिनार हॉलमधले स्पीकर खर्जातला घुमारा खाऊन टाकतात. मोबाईलवर आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला तर फक्त एक बंद दार दिसेल. ज्यांच्या गटात आवाजाचं काम मनापासून करणारं कुणी आहे, त्यांनी मात्र बिनधास्त हीच कल्पना घ्यावी. वडगाव-खासबागच्या गल्लीत रात्री यंत्रमागांची खटखट चालू असते. ती रेकॉर्ड करा, ट्रेलरभर मागे वाजत ठेवा, आणि हाकेच्या आधी वीज गेल्यासारखी एकदम तोडा. विकत घेतलेल्या कुठल्याही पार्श्वसंगीतापेक्षा ती शांतता जास्त काम करेल.

या पर्यायात एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. हाक कुठल्या भाषेत मारायची, हा प्रश्न येणारच. घर मराठी आणि भूत कन्नड, किंवा उलट, असं करू नका. सीमाभागात दोन्हीकडच्या माणसांनी पुरेसं सोसलंय. ज्या घरची आई, त्या घरची भाषा. भीती तिथूनच येते.

बाहुली आणि मुंजा यांच्यावर फार वेळ घालवत नाही. १९९३ च्या 'झपाटलेला'नंतर मराठी प्रेक्षक बोलक्या बाहुल्याला बघून हसतो, आणि मुंजासाठी लागणारे व्हीएफएक्स तुमच्या लॅपटॉपवर धड होणार नाहीत. पोतराज, जोगती, बहुरूपी यांना खलनायक करण्याचा विचार मात्र पूर्ण सोडा. ती जिवंत माणसं आहेत, सौंदत्तीच्या वाटेवर भेटणारी, आणि लोकांच्या नजरा त्यांनी आधीच खूप झेलल्यात.

कुठलाही पर्याय घ्या, ट्रेलरचे संकेत तेच राहतात: साधं जग, पहिली खोट, वाढत जाणारा वेग, नाव, आणि नावानंतरचा एक धक्का. यातलं सगळं पाळायलाच हवं असं नाही. हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको'साठी सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर केला, त्यात तो स्वतः लोकांना सेटवर फिरवतो. १९७९ च्या 'एलियन'च्या ट्रेलरमध्ये संवादच नाहीत. दचकवायचंच असेल तर १९४२ च्या 'कॅट पीपल'मधला प्रसंग बघा. पाठलाग होतोय असं वाटत असताना गुरगुरीसारखा आवाज येतो आणि समोर बस थांबते. आपल्याकडे लाल बसचा एअर ब्रेक अगदी तसाच फुस्स करतो. दचकवणं असं एकदाच वापरा.

जागा म्हणून निपाणीतली तंबाखूची रिकामी वखार किंवा खानापूरकडचा बंद पडलेला कौलांचा कारखाना मालकाला विचारून बघा. जोकर घेतलात तर सुट्टीतली शाळा पुरते. बेळगावच्या किल्ल्यात लष्कराची हद्द आहे आणि भीमगडच्या जंगलात वनखात्याची, तेव्हा लेखी परवानगीशिवाय तिथे कॅमेरा काढू नका.

क्लाऊनच्या वेशात रात्री रस्त्यावर मात्र अजिबात शूटिंग करू नका. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून बीदर जिल्ह्यात मुलांना चॉकलेट देणाऱ्या परगावच्या माणसांना जमावाने मारलं, आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. रंगवलेल्या चेहऱ्याचा अनोळखी मोठा माणूस आणि आजूबाजूला मुलं, हे दृश्य आपल्या गावांत खेळ म्हणून घेतलं जाईल याची खात्री नाही. शाळेच्या आवारात, मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या लेखी संमतीने, दिवसाउजेडी शूट करा. रात्र एडिटिंगमध्ये करता येते.

नट निवडताना मुला-मुलींना एकेक करून कॅमेऱ्यासमोर उभं करा आणि एक मिनिट काहीही करू नका म्हणून सांगा. ज्याचे हात शांत राहतात आणि डोळे इकडेतिकडे जात नाहीत, त्याला झगा द्या. बाकीच्यांना ग्रुप फोटोत पुढच्या रांगांमध्ये बसवा.